जोत्यातलं बीळ

दिवाळीच्या तोंडावर लातूरचे लोक गंजगोलाईच्या बाजारात जातात ते कपड्यालत्त्याला, पणत्यांना, नाही तर किराण्याला. वसुबारसेच्या सकाळी विनीता गेली ती डांबरगोळ्या, ग्रीसची डबी, उंदराचं औषध आणि थोडं सिमेंट आणायला. हार्डवेअरवाला पिशवी बांधता बांधता म्हणाला, "वैनी, दिवाळी करायलाव का लढाई?" ती नुसती हसली. तिच्या मनात मात्र ती लढाईच होती, आणि शत्रू एवढासा होता. पाल, मुंगी, उंदीर.

गेली दिवाळी विसरता येण्यासारखी नव्हती. घरावर सोडलेल्या लायटिंगच्या माळा आपोआप पळतात, विझतात, पुन्हा पेटतात. ते सगळं काम एक पत्र्याचा डबा करत असतो. त्याला कंट्रोलर म्हणतात. विनीताच्या घराचा कंट्रोलर बाहेरच्या भिंतीला, जिन्याच्या लोखंडी कठड्याशेजारी टांगलेला असायचा. उंदरानं आतल्या वायरीचं प्लास्टिक आधीच कुरतडून ठेवलं होतं. त्यात भाऊबीजेच्या आदल्या दिवशी एक पाल डब्यात शिरली आणि करंट कठड्यात उतरला. लहानग्या भार्गवीनं फुलबाजी घेऊन जिना चढताना तो कठडा धरला. पोर फेकली गेली ती थेट अंगणात. बराच वेळ तिची छाती हलेना. तिच्या वडिलांनी, श्रीपादनं, छाती दाबून दाबून श्वास परत आणला. भार्गवी दुसऱ्या दिवशी खेळायला लागली, लेकरांचं असंच असतं. विनीताचं तसं झालं नाही. वर्षभर ती झोपेतून उठायची आणि पोरीच्या नाकाशी बोट धरून बघायची.

मग लायटिंग करायचीच कशाला, असं लातूरबाहेरच्या माणसानं विचारावं. भूकंपाला चौदा-पंधरा वर्षं झाली होती. ज्या शहरानं तेव्हा अंगणात आणि रस्त्यावर रात्री काढल्या, छताखाली पाऊल टाकायला नको म्हटलं, तेच शहर आता मजल्यावर मजले चढवत होतं. नांदेड, लोहा, अहमदपूर, कुठून कुठून आईबाप पोरं घेऊन यायचे आणि डॉक्टर करून द्या म्हणायचे. विनीताच्या गल्लीत घर बांधताना लोक आधी भाड्याच्या खोल्या आखत, देवघर उरल्या जागेत बसवत. श्रीपाद स्वतः एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. त्यानं आणि विनीतानं खाली आपलं घर आणि वर दोन मजले पोरींचं होस्टेल काढलं होतं. क्लासवाल्यांनी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवल्यावर बारावीच्या पोरी दिवाळीला घरी जाणार कशा? त्या वरच राहायच्या, घरून आलेला फराळ खात पुस्तकं उलटायच्या. आणि दिवाळीत ज्या होस्टेलवर माळ नाही त्या घरात काही तरी अभद्र घडलंय, असं पालक धरूनच चालायचे. त्यात भार्गवीचा हट्ट. एवढा झटका खाऊनही तिला माळा हव्याच होत्या.

दुपारी गुरुपादप्पा माळांचं पोतं घेऊन आला. निलंग्याकडचा माणूस, कपाळाला भस्म, तोंडानं फटकळ, हाताला स्वच्छ. गेल्या साली लायटिंग त्यानंच केली होती, आणि करंट बसल्यावर भार्गवीला उचलून दवाखान्यात पळतही तोच सुटला होता. म्हणून विनीताला त्याचा रागही होता आणि त्याच्याशिवाय दुसऱ्याला बोलवायला मनही होत नव्हतं.

"अप्पा, यंदा वायर खिडकीतून घ्या," ती म्हणाली. "हे बीळ मी बुजवणार आहे."

कंट्रोलरच्या बरोबर खाली, घराच्या दगडी जोत्यात, दोन चिऱ्यांच्या मध्ये ते बीळ होतं. मुठीएवढं. आतून येणारी वायर त्यातून बाहेर काढली होती, आणि वायरीच्या सोबतीनं उंदीरही तिथूनच यायचे.

गुरुपादप्पा माळ सोडवत होता, तो थांबला. "कशानं बुजवणार?"

"काचा आणि सिमेंट. उंदीर कितीही शहाणा असला तरी काच खात नाही."

"डब्याला जाळी मारून देतो. वायरीला ग्रीस लावतो, मुंगी चढणार न्हाई. वरून तेलाचा डबा पालथा घालतो, पाणी जाणार न्हाई, पाल जाणार न्हाई. बीळ राहू द्या."

"का?"

"राहू द्या म्हणलो ना."

"अहो, पण का? ह्याच बिळातून उंदीर आला. माझी पोर हातातून गेली होती, अप्पा."

तो उकिडवा बसला आणि जोत्याच्या दगडावरून त्यानं तळहात फिरवला. दगड सुंदरच होते. काळे, घडीव, कडेला छिन्नीची बारीक नक्षी. येणारा जाणारा त्यांची तारीफ करायचा.

"हे दगड कुठले हो, वैनी?"

"कॉन्ट्रॅक्टरनं आणले. सगळ्या गल्लीची जोती ह्याच दगडाची आहेत. आत भरावाला पांढरी माती, तीही त्यानंच टाकली. स्वस्तात मिळाली म्हणे."

"हाव. मिळणारच." त्यानं तळहाताची धूळ झटकली. "आमच्याकडं घराला माळवद असायचं. लाकडावर हातहात पांढरी माती. उन्हाळ्यात थंड, पावसात गळायचं न्हाई. भूकंपात तेच माळवद माणसाच्या छातीवर आलं. पडलेल्या गावचा दगड आम्ही नव्या गावात नेला न्हाई, वैनी. माती बी न्हाई. बाहेरच्यांनी नेली."

"मग त्याचं इथं काय?"

"काई न्हाई. वाऱ्याला वाट असावी, एवढंच म्हणणं हाय माझं."

विनीताला वाटलं, भूकंपातून वाचलेल्या माणसाचं एखादं खूळ असतंच. तिच्या सासूबाई मरेपर्यंत दाराशी चपला तयार ठेवून झोपल्या होत्या. खुळाला हसू नये, पण खुळापायी पोरीचा जीव धोक्यात घालू नये. तिनं मान डोलावली आणि विषय तिथंच सोडला.

गुरुपादप्पानं काम मात्र चोख केलं. डब्याला बारीक जाळी मारली, आत डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधली, वायर खिडकीतून घेतली, कठड्यापासून डबा चांगला लांब सरकवला. जाताना तो फाटकाशी थांबला आणि बिळाकडे बघून गेला.

तो वळणाआड गेल्यावर विनीतानं गोणपाटात बाटल्या गुंडाळून फोडल्या. काचा आणि सिमेंट कालवलं, काठीनं आत आत कोंबलं. बिळातून तिच्या बोटांवर गार वारा येत होता. मधूनच येई, मधूनच थांबे. शेवटचा गोळा थापल्यावर तो बंद झाला.

भार्गवी पायरीवर बसून बघत होती. "आई, आत कुणी असलं तर?"

"दुसरीकडून बाहेर जाईल."

"दुसरीकडून वाट नसली तर?"

"मग आतच राहील. चल, हात धू."

त्या संध्याकाळी घर असं उजळलं की वरच्या पोरी पुस्तकं मिटून गच्चीच्या कठड्यावरून वाकून बघायला लागल्या. निळी माळ पळायची, तिच्या मागे पिवळी, मग सगळं विझायचं आणि एकदम लखलखायचं. भार्गवी टाळ्या वाजवत होती. विनीता तुळशीला दिवा लावून पायरीवर टेकली. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या छातीवरचा भार उतरला होता.

टक.

तिनं लक्ष दिलं नाही. कंट्रोलरमधून बारीक आवाज येतोच, माळ बदलली की टक होतं.

टक... टक.

मग लोडशेडिंग आलं. त्या वर्षी ते जेवणाच्या वेळेसारखं ठरलेलं होतं. गल्लीच्या गल्ली अंधारात बुडाली, वरून पोरींचा "ओऽऽ" असा सूर आला, कुणीतरी मेणबत्ती शोधायला लागली. मग शांत झालं. वीज नाही, माळ नाही, डबा मेलेला. आणि त्या शांततेत पुन्हा आवाज आला.

टक... टक.

विनीता उठली. डब्यावर हात ठेवला, तो गारठलेला, गप्प होता. तिनं जोत्याच्या दगडावर हात ठेवला. दगड आतून हलकेच हादरत होता, कुणी पलीकडून दार ठोठावावं तसा.

उंदीर. आत अडकला मेला. तिनं श्वास सोडला. दोन दिवसांत गप्प होईल, वास आला तर फिनाईल टाकू. खोटं कशाला सांगा, तिला बरंच वाटलं. ज्या बाईनं लेकराची न हलणारी छाती बघितलीय, तिनं उंदराची कीव कुठून आणायची?

धनत्रयोदशीला आवाज श्रीपादनंही ऐकला. केमिस्ट्रीच्या माणसाला प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. दिवसा तापलेला दगड संध्याकाळी निवतो, म्हणून तडकतो, असं त्यानं सांगितलं. विनीताला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. पण निवणारा दगड असा थांबून थांबून वाजतो का? वाजायचा, मग बराच वेळ गप्प. ऐकणाऱ्याला वाटावं की पलीकडूनही कुणी ऐकतंय.

नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानासाठी ती उटण्याची वाटी घेऊन भार्गवीच्या खोलीत गेली. खोली जोत्याच्या त्याच अंगाला होती. पोर अंथरुणात नव्हती. भिंतीशी फरशीवर बसली होती, हातात चहाचा चमचा. तिनं चमच्यानं जमिनीलगत भिंतीवर दोनदा ठोकलं आणि मग कान लावून ऐकत राहिली.

"काय करतेस गं?"

"श्श... ती ठोकते, मग मी ठोकते."

"ती कोण?"

"माहीत नाही. मी ठोकलं की ती रडायची थांबते."

विनीताच्या हातातली वाटी कलंडली, उटणं फरशीवर सांडलं. "कधीपासून चाललंय हे?"

"तू बीळ बुजवलंस ना, तेव्हापासून," भार्गवी म्हणाली, आणि खोकली.

साधा खोकला होता. दुपारपर्यंत तो साधा राहिला नाही. संध्याकाळी पोरीच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, धूळ आणि फटाक्यांचा धूर म्हणाले, वाफ दिली, औषध दिलं. घरी आल्यावर भार्गवीला मोठी उबळ आली आणि तिनं आईच्या पदरात काहीतरी थुंकलं. विनीतानं ते दिव्यापाशी नेऊन बघितलं. पांढरी माती होती. ओलसर, आणि तिच्यात बारीक चिरलेला कडबा.

"मातीत खेळली असेल," श्रीपाद म्हणाला. त्याचा आवाज त्याला साथ देत नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी भार्गवी बोलायची थांबली. तिचं सगळं बळ श्वास ओढण्यातच जात होतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत जायची. डॉक्टर फोनवर म्हणाले, आणून ॲडमिट करा. श्रीपादनं रिक्षाला फोन लावला. तिला उचलून उंबऱ्याशी नेलं तर पोर डोळे पांढरे करायला लागली. परत आत अंथरुणावर, त्या भिंतीशी नेलं की थोडा श्वास यायचा. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा उचलायची त्याची छाती झाली नाही. डॉक्टरांनाच घेऊन या म्हणून त्यानं रिक्षा तिकडे पिटाळली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

विनीतानं गुरुपादप्पाला फोन केला. तो सायकलवर आला, पण फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच त्यानं बुजवलेलं बीळ बघितलं. रागावला नाही, त्याचं तिला जास्त भय वाटलं.

"वैनी... पोरीनं खालच्या ठोक्याला उत्तर दिलं का?"

"हो."

तो फाटकाला धरून खाली बसला. मग हळू आवाजात, खाली बघत बोलायला लागला.

"तवा आम्ही हातानंच उकरायलो होतो. ढिगाऱ्यावर दगडावर दगड मारायचा, सगळ्यांनी गप व्हायचं, कान लावायचा. खालून कुणी ठोकलं की वरून उत्तर द्यायचं. पण ज्यानं उत्तर दिलं, त्यानंच काढायचं. हा नेम पडला होता. खालचं माणूस तेवढ्या आवाजावर जीव धरून राहतं हो, वैनी. उत्तर देऊन दुसरीकडं जायचं न्हाई... आमच्याकडचा एकजण तसा गेला. लई ढिगारे होते, त्याचा बी काय दोष. पंधरवड्यात त्याच्या तोंडातून माती यायला लागली. दवाखान्यात न्हेला, सोलापूरला न्हेला. खालच्याचा श्वास जेवढा, तेवढाच वरच्याचा राहतो."

"इतकी वर्षं झाली, अप्पा," विनीता म्हणाली. "खाली आता कोण असणार? कुणाचा श्वास?"

"ते मला काय माहीत?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी वाट ठेवा म्हणलो होतो. वाट असली की ते ठोकत न्हाईत."

आतून श्रीपादची हाक आली, "विनीता... अगं, लवकर..." त्या हाकेत जे होतं ते तिनं गेल्या दिवाळीत एकदा ऐकलेलं होतं. ती छिन्नी-हातोडा घ्यायला पळाली.

"आधी मेन बंद करा!" गुरुपादप्पा ओरडला. अशा वेळीही कारागीर तो कारागीर. तिनं मेन पाडला. सगळी गल्ली दिव्यांनी झगमगत होती, त्यात हे एकच घर काळंठिक्कर झालं. तिन्हीसांजेची वेळ. घराघरांत पूजेची मांडामांड चाललेली, फटाके अजून सुरू व्हायचे होते. वरच्या मजल्यांवर पोरींनी मेणबत्त्या लावल्या आणि पुन्हा पुस्तकांत डोकी घातली. लोडशेडिंगची सवय होती त्यांना.

विनीता जोत्याशी गुडघ्यांवर बसली आणि घाव घालायला लागली. सिमेंट अजून पुरतं मुरलं नव्हतं, ढेकळं निघत होती. आतल्या काचा तिच्या बोटांत घुसत होत्या. तिनंच कोंबलेल्या काचा त्या. रक्तानं छिन्नी हातातून निसटायला लागली तेव्हा तिनं छिन्नी टाकली आणि बोटांनीच उकरलं. शेवटचा गोळा आत ढकलला गेला, आणि बिळातून माती बाहेर यायला लागली.

पांढरी, कोरडी. पोत्याचं तोंड सुटल्यावर जोंधळा येतो तशी धार लागली. तिच्या गुडघ्यांशी ढीग झाला, तरी थांबेना. तिला जुन्या घराचा वास आला. चूल, शेण, कडबा, आणि लहान मुलीच्या डोक्याला चोपडलेलं खोबरेल तेल.

तिनं हात आत घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल दगडाला टेकला. आत खूप जागा होती. चार हातांच्या जोत्यात मावणार नाही एवढी.

"कोण आहे... कुणी आहे का?"

तिच्या बोटांना बोटं लागली.

लहान होती. मातीनं खरबरीत झालेली, नखं तुटलेली. आणि गरम होती. तापातल्या लेकराचा हात असतो तशी गरम. त्या बोटांनी तिचं बोट घट्ट धरलं.

हात झटकून पळावं असं तिच्या अंगातला थेंब न् थेंब सांगत होता. ती पळाली नाही. तिला आतल्या लेकराची दया आली असं म्हणायला हरकत नाही, पण खरं ते नव्हतं. तिला फक्त भार्गवी दिसत होती. तिनं दात आवळले, जोत्याला पाय लावला आणि ओढलं.

जड होतं. एक मूल जड असतं त्यापेक्षा कितीतरी जड, सगळं घर त्या हाताला लटकलेलं असावं तसं. तिचा खांदा निखळायला आला. मग आत कुठेतरी काहीतरी सरकलं, वजन एकाएकी सुटलं आणि ती उताणी पडली. तिच्या हातात काही नव्हतं. पण तिच्या अंगावरून, गालाला चाटून, काहीतरी निघून गेलं. तेलाचा वास तेवढा क्षणभर राहिला.

फाटकाशी बसलेला गुरुपादप्पा घाईनं उठला आणि एका बाजूला झाला. दारातून कुणी बाहेर पडताना आपण वाट देतो, तसा. त्यानं मान खाली घातली होती.

"घेतला!" आतून श्रीपाद ओरडला. तो रडत होता. "विनीता, घेतला श्वास! मोकळा घेतला!"

ती रांगतच उठली, धडपडत आत गेली. भार्गवी बापाच्या मांडीवर बसली होती, पाणी मागत होती. छातीत शिट्टी नव्हती. विनीतानं रक्तानं भरलेल्या हातांनी तिला कवटाळलं, तिच्या नाकाशी बोट धरलं, छातीला कान लावला. श्वास येत होता, जात होता. पोर जगली होती. तिला मोठ्यानं हुंदका फुटला आणि तो तिनं आवरला नाही.

म्हणून ते तिला उशिरा ऐकू आलं.

टक.

खोलीतून नव्हतं. ओट्याखालून होतं. तिनं मान वर केली.

टक... टक. पायऱ्यांखालून. मग फाटकाच्या खांबातून. मग मागच्या अंगाला, पाण्याच्या हौदाखालून. शेजारच्या घराच्या जोत्यातून, समोरच्या होस्टेलच्या जोत्यातून. काही आवाज जोराचे, काही इतके थकलेले की ऐकू येतील न येतील. एकमेकांत मिसळत, सगळ्या गल्लीच्या पोटातून.

ती दाराशी आली. गुरुपादप्पा अजून तिथंच उभा होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"वैनी," तो म्हणाला, "एक निघाली... हे बाकीच्यांना कळलं."

"आपण... आपण उत्तर द्यायचं नाही," विनीता म्हणाली. "कुणीच नाही द्यायचं. ऐकलंच नाही असं करायचं. गप्प होतील ते. होतील ना, अप्पा?"

तो वर बघत होता. तिनंही वर बघितलं.

पहिल्या मजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात एक खिडकी उघडी होती. अहमदपूरची ऋतुजा, अभ्यासाला कंटाळलेली, हसत मैत्रिणीला म्हणत होती, "अगं ऐक ना, खालून कुणीतरी ठोकायलंय. थांब, आपण पण करू." आणि तिनं पेनानं भिंतीवर दोनदा ठोकलं. शेजारच्या खोलीतून दुसरीनं कंपासपेटी आपटली. तिसरीनं, चौथीनं. पोरींना खेळच मिळाला. खालून ठोका आला की वरून उत्तर जायचं, पोरी खिदळायच्या, पुन्हा कान लावायच्या.

"पोरींनो, नका! ठोकू नका गं!" विनीता जिन्याकडे धावत ओरडली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातली पूजा आटोपली आणि फटाक्यांची मोठी माळ लागली. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. ती कठड्याला धरून जिना चढत राहिली, ओरडत राहिली. माळ संपत नव्हती. धूर जिन्यात भरला.

मग फटाके थांबले. गल्लीत एकदम चिडीचूप झालं. खालून आता एकही ठोका येत नव्हता.

वरून, दुसऱ्या मजल्यावरून, कुणीतरी खोकलं.